जरा थांब, तिची पाळी येऊ दे

अगं, काल फोनवर तू जे बोललीस ते रात्रभर डोक्यात होतं. समोरच्या फ्लॅटमधला मुलगा सगळे रंग ओळखतो, आणि आपली मनू दीड वर्षाची झाली तरी 'आई', 'बाबा', 'पाणी', 'भूभू' आणि 'नाय' यांच्या पुढे सरकत नाही, म्हणून तू फ्लॅशकार्डांचा संच मागवलास. मला विचारशील तर तो परत पाठव. एवढ्याशा पोरीला कार्डं दाखवून 'हे काय? हे काय?' विचारत राहिलं की खेळाची परीक्षा होते, आणि परीक्षेत मुलं तोंड उघडत नाहीत.

मला शब्दांच्या आकड्यापेक्षा दुसरंच विचारायचंय. खिडकीत कावळा आला की ती बोट दाखवते ना? आणि बोट दाखवून मग तुझ्याकडे वळून बघते ना, तुला दिसला की नाही म्हणून? चप्पल आण म्हटलं की आणते ना? हे सगळं होत असेल तर तिचं बोलणं आतल्या आत तयार होतंय. दुसऱ्या वाढदिवसाच्या सुमाराला 'बाबा गेला', 'पाणी दे' असे दोन शब्द जोडून यायला लागले म्हणजे गाडी रुळावर आहे. आणि हो, सांभाळणाऱ्या मावशी हिंदी बोलतात म्हणून पोरगी मागे पडेल ही भीती काढून टाक. दोन भाषा ऐकल्यामुळे बोलणं अडत नाही. ती 'पाणी'ही म्हणत असेल आणि 'दूध'च्या जागी 'दुद्दू'ही, तर सगळे शब्द मोज.

आता खेळाचं. तुझा ओट्याखालचा एक कप्पा तिला देऊन टाक. स्टीलच्या वाट्या, एकात एक बसणारे डबे, लाकडी चमचा, गाळणी, एखादं जुनं फडकं, एवढं पुरे. काल मी शेजारच्या छोट्याला बघत होते. डब्यावर झाकण ठेवलं, ते तिरकं बसलं. त्याने हाताने दाबलं, बसेना. उचललं, उलटं करून ठेवलं, पुन्हा दाबलं. त्याची आई 'अरे असं नाही' म्हणत हात पुढे करणार, तेवढ्यात झाकण खट्कन बसलं आणि त्याने मान वर करून आधी आईकडे पाहिलं. त्या मिनिटभरात केवढं घडलं बघ: मनगट, बोटं, अंदाज, चिकाटी, आणि आपला आनंद दुसऱ्याला दाखवायची ओढ. झाकण फिरवून उघडायला दोन वर्षांनंतरच जमेल, पण वरून बसवायची हौस आत्ताच आहे. तसंच वाट्यांचे मनोरे. या वयात दोन-तीन चढल्या तरी छान, दोन वर्षांची झाली की सहापर्यंत जाईल. पाडण्यातच जास्त मजा येते, पाडू दे.

आणि इथेच मला तुला कळकळीने सांगायचंय: थांबायला शीक. चेंडू तिच्याकडे ढकल आणि गप्प बस. मोराचा खेळ खेळताना, तिच्या तळहातावर बोट टेकवायच्या आधी क्षणभर हात हवेतच ठेव. भॉक करायच्या आधी ओढणीमागे दोन श्वास थांब. ती वाट बघेल, हसेल, हात पुढे करेल, एखादा आवाज काढेल. तो आवाज म्हणजे तिचं वाक्य आहे. मग तू बोल: 'हो, आला चेंडू! मनूचा चेंडू!' आपण मोठी माणसं शांतता सहन होत नाही म्हणून सगळं स्वतःच बोलून टाकतो आणि तिच्या वाट्याला काही उरत नाही. मनात दहापर्यंत मोज हवं तर.

चालण्याबद्दल तुझ्या सासूबाई वॉकर आणायचं म्हणत होत्या, त्यांना प्रेमाने पांगुळगाड्याची आठवण करून दे. तो बरा, कारण मूल उभं राहून स्वतःच्या जोरावर ढकलतं. सोबत मोठं माणूस हवं, एवढंच. ज्यात बसवतात तो चाकांचा वॉकर मात्र नको. त्याने चालणं लवकर येत नाही आणि जिन्यावरून कोसळण्याचे अपघात होतात. कॅनडाने 2004 मध्ये त्यावर बंदीच घातली. मनू चालतेच आहे म्हणा, तुला घाई नाही, पण पुढे कोणी विचारलं तर सांग: जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या बाळांना पाहिलं, तेव्हा आठव्या महिन्यापासून साडेसतराव्या महिन्यापर्यंत कधीही स्वतंत्र चालणं निरोगी बाळांमध्ये आढळलं. केवढी मोठी खिडकी ती!

मोबाइलबद्दल मी कडकच बोलणार. दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नकोच, असं आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञही सांगतात. आजीशी व्हिडिओ कॉल चालेल, कारण आजी उत्तर देते. कार्टून देत नाही.

खेळताना शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं आणि बटन सेल तिच्या हाताला लागता कामा नयेत. पाण्याचा खेळ दे, मग-वाटीने ओतू दे मनसोक्त, पण बादलीजवळ एक क्षणही एकटी सोडू नकोस. फोन वाजला तर वाजू दे.

आता मन घट्ट करून वाच. अठरा महिन्यांपर्यंत चालत नसेल, बोट दाखवत नसेल, हाक मारली तर वळत नसेल, दोन वर्षांनी दोन शब्द जोडत नसेल, किंवा आधी येत असलेली गोष्ट करायची बंद झाली असेल, तर 'आमच्याकडे सगळी उशिराच बोलली' म्हणत बसायचं नाही. थेट डॉक्टरांकडे जायचं आणि कानाची तपासणी आधी करायची. सरकारी व्यवस्थाही आहे. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा तपासतात, आणि गरज पडली तर जिल्हा पातळीवरच्या लवकर उपचार केंद्रात पाठवतात. तुझ्या कामवाल्या ताईंच्या नातवासाठी हे नक्की सांग.

रविवारी मी येतेय. रिकामे बिस्किटांचे डबे आणि पुठ्ठ्याची मोठी खोकी फेकू नकोस, मनूला त्यात बसवून घरभर ओढायचंय. आणि तुझ्या नवऱ्याला सांग, रात्रीचं घोडा-घोडा त्याच्याकडे.