राजा मालक नाही, मग मी मालक का?

आजचं वाचन: १ शमुवेल ८:४-२२



आमच्या तरुणांच्या बायबल अभ्यासात हल्ली एक शब्द सारखा ऐकू येतो: लिबर्टेरियन. थोडक्यात सांगायचं तर, माझं शरीर, माझी मेहनत, माझी कमाई माझीच. सरकारनं चोरांपासून माझं रक्षण करावं आणि बाकी मला मोकळं सोडावं. पगारातून कापलेला टॅक्स पाहिला की हा विचार जरा जास्तच पटतो! पण ख्रिस्ती माणसाला तो कितपत चालतो?

आजच्या अध्यायात इस्राएलचे वडीलजन शमुवेलाकडे राजा मागतात. त्यांची तक्रार खोटी नव्हती. शमुवेलाचे मुलगे न्यायाधीश असून लाच खात होते. तरीही देव म्हणतो की लोकांनी शमुवेलाला नाही, मलाच नाकारलंय. मग शमुवेल राजाचं वर्णन करतो. त्यातलं एकच क्रियापद पाहा: घेईल. मुलगे रथांसाठी घेईल, मुली स्वयंपाकासाठी घेईल, शेतं घेईल, धान्याचा आणि कळपाचा दहावा हिस्सा घेईल. आता लेवीय २७:३० उघडा. दहावा हिस्सा तर देवाचा होता! राजा हळूच देवाच्या जागी जाऊन बसतो, तो असा.

म्हणजे सत्तेला घाबरणं हा अविश्वास नाही. सत्ता माणसाला भ्रष्ट करू पाहते, हा लॉर्ड अ‍ॅक्टनचा प्रसिद्ध विचार १८८७ च्या एका पत्रातला आहे. अ‍ॅक्टन स्वतः कॅथलिक होता, आणि त्याचं म्हणणं होतं की पोप असो वा राजा, त्यांच्या पापाला वेगळं माप लावू नका. इथवर मी लिबर्टेरियन मित्रांच्या सोबत आहे.

पण पुढे वाट वेगळी होते. ‘मी माझ्या मालकीचा’ हा विचार जॉन लॉकनं सतराव्या शतकात मांडला. त्याच लॉकनं असंही लिहिलं की माणूस ही देवाची निर्मिती आहे, म्हणून देवाची मालमत्ता आहे. आपण पहिलं वाक्य पाठ करतो, दुसरं सोडून देतो. पौल मात्र १ करिंथ ६:१९-२० मध्ये स्पष्ट सांगतो की आपण आपले स्वतःचे नाही, मोल देऊन विकत घेतलेले आहोत. राजा माझा मालक नाही, कारण मालक आधीच ठरलेला आहे. आणि तो मालक मी नाही.

याचा व्यवहारात अर्थ काय? लेवीय १९:९-१० वाचा. शेताच्या कडा कापू नका, पडलेला सरवा वेचू नका, तो गरिबांचा आणि परक्यांचा. तिथं वसुलीला राजाचा माणूस उभा नाही. पण ती शेतकऱ्याची मेहेरबानीही नाही, देवानं काढून ठेवलेला वाटा आहे. रूथ त्याच सरव्यावर जगली. बवाजानं तर तिच्यासाठी मुद्दाम कणसं टाकायला लावली.

टॅक्स भरायचाच. रोमी सम्राटाच्या राजवटीत राहणाऱ्यांनाही पौलानं तेच सांगितलं (रोम १३:६-७). टॅक्स किती असावा यावर खुशाल वाद घाला. पण ‘गरिबांची काळजी सरकारनं नाही, माणसांनी घ्यावी’ असं म्हणताना लक्षात ठेवा, त्या माणसांत पहिला नंबर आपला. घरकामाच्या मावशी तापानं आल्या नाहीत तर त्यांचा खाडा कापतो का आपण? माझ्या पगाराच्या शेताला कडा आहेत का, की मी टोकापर्यंत कापून घेतो?

आज बँकेचं स्टेटमेंट उघडून हा एक प्रश्न प्रभूसमोर ठेवा.

प्रार्थना: प्रभू येशू, तू आम्हाला मोकळं केलंस. त्या मोकळेपणाचं आम्ही कुंपण करू नये. तुझा वाटा ओळखायला आणि आनंदानं सोडायला शिकव. आमेन.