बाळागोळी

शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणगावात पाळीवर निघालेल्या बायका तान्ह्या पोराला बाळागोळी चाटवून जात. तिच्यात अफू असे. पोर तासन् तास निपचित पडून राही, रडं थांबे; भूक होती तशीच राही. अफूच्या गोतातल्या आजच्या औषधांकडे, म्हणजे मॉर्फिन, ट्रॅमाडॉल, ब्युप्रेनॉर्फिनकडे, मी याच गोळीच्या आठवणीने बघतो. ही औषधं नुसती कंबर-गुडघ्याची कळ मारत नाहीत, माणसाने माणसाला घातलेली हाकही दाबतात. आईपासून वेगळ्या केलेल्या कुत्र्याच्या पिल्लांना मॉर्फिनची अगदी थोडी मात्रा दिली तरी त्यांचं केकाटणं कमी होतं, हे याक पांकसेप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दाखवलं. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये निरोगी माणसांना अनोळखी परीक्षकांपुढे भाषण आणि तोंडी हिशेब करायला लावले. ज्यांनी ब्युप्रेनॉर्फिन घेतलं होतं त्यांचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, कमी चढलं.

मग बिघडलं काय, ताण कमी झालेला बराच की, असं कुणी म्हणेल. एका संध्याकाळपुरतं ते खरंही आहे. पण त्याच घालमेलीपायी आपण बहिणीला फोन लावतो, भांडण मिटवायला उठतो. ती घालमेल गोळीनेच शमवली की फोन राहून जातो. घरचे म्हणतात, ‘हल्ली शांत झालेत हो!’ (मला या वाक्याचीच धास्ती वाटते.) पुढे शरीर गोळीला सरावतं, दोन डोसांच्या मधल्या वेळात चिडचिड वाढते आणि जुनीच काळजी परत आली असं समजून माणूस पुन्हा गोळ्यांची पट्टी शोधतो. म्हणून कॅन्सरच्या रुग्णाला मॉर्फिन नाकारायचं का? मुळीच नाही. असह्य वेदनाच त्याला भिंतीकडे तोंड करून झोपवते. नीट दिलेल्या औषधाने तो चार शब्द बोलू लागतो. माझा आक्षेप ऑपरेशननंतर कपाटात उरलेल्या अर्ध्या पट्टीला आहे. २०१८ पासून ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं, पण कायदा काही आपलं कपाट उघडून बघत नाही. दुखत नसताना, नुसता कुणाचा शब्द लागला म्हणून गोळी घेतली असेल, तर ते डॉक्टरांना तसंच सांगा, लाजू नका. बरेच दिवस चालू असलेली गोळी मनाने एकदम तोडू नका, त्यांच्याकडून मात्रा हळूहळू उतरवून घ्या. आणि तोवर तिच्या जोडीला दारू किंवा झोपेची गोळी अजिबात नको. श्वास मंदावण्याचा धोका त्याने फार वाढतो.