अॅम्प्लिफायर झाला, पण डबा कोणता?

हॉस्टेलच्या खोल्यांमध्ये बनलेले बरेचसे अॅम्प्लिफायर शेवटपर्यंत उघडेच राहतात. पीसीबी पुठ्ठ्यावर, ट्रान्सफॉर्मर जमिनीवर आणि वायरी कॉटखाली! "वाजतंय ना, मग झालं" म्हणून सबमिशनच्या गडबडीत डब्याचं काम मागे पडतं. ज्यांना डबा करायचाच असतो तेसुद्धा सगळं सोल्डर करून झाल्यावर कोणाकडे रिकामा डबा आहे का ते विचारत फिरतात. या लेखात मला सांगायचंय ते एवढंच, की हा क्रम उलटा आहे. उष्णता कुठून बाहेर जाणार, हम किती येणार आणि शॉक बसणार की नाही, या तिन्ही गोष्टी डब्यावर अवलंबून असतात. म्हणून डबा हा सर्किटचाच एक पार्ट समजून आधी ठरवायचा.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. माझी शाळा कॉन्व्हेंटची. संधारित्र, रोधक असे शब्द वापरायला गेले तर वाचणाऱ्याआधी मीच अडखळेन. त्यामुळे कपॅसिटरला कपॅसिटरच म्हणणार, मराठीप्रेमींनी सांभाळून घ्यावं.

पहिला प्रश्न : आत २३० व्होल्ट येणार का?

डबा निवडताना विचारायचा पहिला प्रश्न हाच. उत्तर "नाही" असेल तर मजाच आहे. एलएम ३८६ हा आठ पायांचा आयसी ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. बाहेरून काहीही न जोडता त्याचा गेन २० असतो. १ आणि ८ नंबरच्या पायांमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला की तो २०० होतो. पॉवर मात्र अर्ध्या वॅटच्या आसपास, म्हणजे टेबलावर ठेवून एकट्याने ऐकण्यापुरती. याला साबणाची प्लॅस्टिकची डबीसुद्धा चालते. परदेशातल्या हौशी लोकांमध्ये चू मॉय यांच्या डिझाइनचा एक छोटा हेडफोन अॅम्प्लिफायर खूप लोकप्रिय झाला. तो पेपरमिंटच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत बसवायची पद्धतच पडली. बॅटरी असली की डब्याचं काम सोपं होतं, ते असं. फर्स्ट इयरच्या मुलामुलींनी इथूनच सुरुवात करावी.

पण दोन-तीन जणांनी मिळून ऐकायचं असेल तर एलएम ३८६ पुरत नाही. मग टीडीए २०३०ए येतो, त्याच्याबरोबर ट्रान्सफॉर्मर येतो आणि डब्यात २३० व्होल्ट येतात. इथून पुढे सगळं याच अॅम्प्लिफायरबद्दल.

उष्णतेचं गणित

१२-०-१२ व्होल्ट, २ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर घेतला, ब्रिज रेक्टिफायर लावला आणि दोन्ही बाजूंना ४७०० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर टाकले, की साधारण अधिक-उणे १६ व्होल्ट मिळतात. लोड नसताना हेच व्होल्टेज १८ च्या आसपास जातं. साध्या टीडीए २०३० ची मर्यादा अधिक-उणे १८ आहे आणि "ए" वाल्याची २२. म्हणून दुकानात "ए" आहे ना, ते बघूनच घ्यायचा.

आता ८ ओहमचा स्पीकर धरा. आउटपुट सप्लायच्या थोडं खालीच अडतं, म्हणून १३ व्होल्टपर्यंतचा पीक धरला तर सुमारे १० वॅट मिळतात. स्टिकरवर शेकडो वॅट पीएमपीओ लिहिलेले कॉम्प्युटरचे स्पीकर ज्यांनी पाहिलेत त्यांना १० वॅट म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण हे खरे वॅट आहेत, आणि शेजारच्या खोलीतून भिंतीवर थाप यायला तेवढे पुरतात.

थर्डच्या सेमला पाठ केलेला क्लास बी चा फॉर्म्युला इथे कामाला येतो. आयसीत जास्तीत जास्त उष्णता म्हणजे सप्लायचा वर्ग गुणिले दोन, भागिले पायचा वर्ग गुणिले लोड. १६ व्होल्ट आणि ८ ओहम टाकले की उत्तर येतं साधारण ६.५ वॅट. मे महिन्यात डब्यातली हवा ४५ अंशांपर्यंत जाईल असं धरू. आयसीचं जंक्शन १५० अंशांना स्वतःहून बंद पडतं, आपण १२० वर थांबू. म्हणजे हातात उरले ७५ अंश. भागिले ६.५ केलं की दर वॅटला ११.५ अंश. त्यातले ३ आयसीच्या आतच जातात, साधारण १ माइका वॉशरमध्ये. हीटसिंकच्या वाट्याला राहिले ७.५. दोन चॅनल एकाच हीटसिंकवर असतील तर हा आकडा निम्मा करायचा, म्हणजे हीटसिंक बराच मोठा लागणार. स्पीकर ४ ओहमचा असेल तर उष्णता दुप्पट होते.

याचा अर्थ, बंद लाकडी खोक्यात हे चालणार नाही. प्लायवूड दिसतं छान, पण उष्णता बाहेर जाऊ देत नाही. लाकूडच हवं असेल तर हीटसिंक मागच्या बाजूने बाहेर काढायचा, पंखे उभे ठेवायचे. धातूच्या डब्यात खाली आणि वर भोकं पाडली की गार हवा खालून आत येते आणि गरम हवा वरून जाते. भोकं ३-४ मिलिमीटरचीच ठेवा. बोट आत जाता कामा नये, आणि आपल्या हॉस्टेलची झुरळंही.

धातूचा डबा आणि आयसीची पाठ

टीडीए २०३०ए च्या मागची धातूची पट्टी आतून ३ नंबरच्या पायाला जोडलेली असते. आपल्या सर्किटमध्ये तिथे उणे १६ व्होल्ट असतात. हा आयसी सरळ डब्याच्या पत्र्यावर स्क्रूने आवळला तर उणे सप्लाय डब्यालाच जोडला जातो. सर्किट डायग्राममध्ये डबा काढलेला नसतो, म्हणून हे पटकन लक्षात येत नाही. उपाय स्वस्त आहे : मध्ये माइका वॉशर, दोन्ही बाजूंना हीटसिंक कंपाउंड आणि स्क्रूला प्लॅस्टिकचं बुश. आयसी बसवून झाला की सप्लायच्या वायरी जोडण्याआधी मल्टिमीटरने पट्टी आणि डबा यांच्यात तपासा. बीप वाजायला नको.

अर्थिंग आणि हम

आता सगळ्यात महत्त्वाचं. फेजची वायर कधीतरी सोल्डरमधून सुटून पत्र्याला टेकू शकते. डबा अर्थ केलेला असेल तर मोठा करंट वाहतो, फ्यूज उडतो आणि विषय संपतो. अर्थ नसेल तर काहीच होत नाही. गाणं चालू राहतं आणि डबा २३० व्होल्टवर बसून राहतो. लोखंडी कॉट, ओला टॉवेल आणि अनवाणी पाय ही प्रत्येक खोलीतली परिस्थिती लक्षात घ्या. पुढचं सांगायची गरज नाही.

म्हणून तीन पिनांचाच प्लग वापरा. त्यातली जाड, लांब पिन अर्थिंगची. ती लांब असते म्हणजे प्लग घालताना अर्थ आधी जोडला जातो. डब्यावरचा रंग खरवडून, अर्थच्या वायरीला रिंग लावून ती वेगळ्या स्क्रूने आवळा. त्या स्क्रूवर दुसरं काही अडकवू नका. लाकडी खोक्यातून हीटसिंक बाहेर काढला असेल तर त्यालाही अर्थ द्या. फ्यूज फेजवर, आत आल्या आल्या लगेच. आपल्या ट्रान्सफॉर्मरला फुल लोडवर साधारण ०.२ अँपिअर लागतात, त्यामुळे ५०० मिलिअँपिअरचा स्लो-ब्लो पुरे.

मग लॅपटॉप जोडल्यावर "हूं" असा आवाज यायला लागतो आणि कोणीतरी हुशार सल्ला देतं, "अर्थची पिन काढून टाक, हम जाईल." हम खरंच जातो, पण त्याबरोबर जीव वाचवणारी एकमेव वायरही जाते. हे कधीही करायचं नाही. लॅपटॉपचा अर्थ आणि आपला अर्थ ऑडिओ केबलमधून मिळून लूप तयार झालेला असतो. बॅटरीवर चालणारा फोन लावून बघा. हम गेला तर कारण लूपच. इनपुटचं सॉकेट पत्र्यापासून इन्सुलेट करा. सर्किटचा ग्राउंड एकाच ठिकाणी डब्याला जोडा, पण थेट नको. १० ओहमचा रेझिस्टर, त्याला समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ३ अँपिअरचे दोन डायोड उलटसुलट, असं मध्ये टाका. डबा मात्र अर्थला थेट जोडलेलाच राहील.

तरी हम राहिला तर त्याचा सूर ऐका. ५० हर्ट्झचा जाडसर आवाज ट्रान्सफॉर्मर किंवा मेन्सच्या वायरीतून येतो. १०० हर्ट्झचा, थोडा वरचा, रेक्टिफायर आणि ग्राउंडिंगमधून. आपला गेन ३३ आहे, म्हणजे इनपुटला शिरलेला १ मिलिव्होल्ट स्पीकरवर ३३ होतो. म्हणून ट्रान्सफॉर्मर एका टोकाला, इनपुट दुसऱ्या टोकाला आणि मध्ये शील्डेड वायर. ट्रान्सफॉर्मर थोडा फिरवून बसवला तरी फरक पडतो.

माझी निवड

बाजारात तयार अॅल्युमिनियमचे डबे मिळतात. मुंबईला लॅमिंग्टन रोड, पुण्याला तपकीर गल्ली. पण माझं मत कॉम्प्युटरच्या बंद पडलेल्या एसएमपीएसच्या खोक्याला. १५ बाय १४ सेंटिमीटर, साडेआठ उंच, पोलादी, हवेच्या जाळ्या तयार, मेन्सचं तीन पिनांचं सॉकेट तयार, अर्थचा स्क्रूही तयार. आपला ट्रान्सफॉर्मर आणि दोन चॅनल आरामात बसतात. फक्त आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहिलेला असू शकतो. खोलीत एकट्याने उघडू नका. लॅबमध्ये न्या आणि सरांसमोर डिस्चार्ज करून मगच रिकामा करा.

पहिल्यांदा चालू करताना फेजमध्ये ६० वॅटचा साधा बल्ब सिरीजमध्ये लावा, स्पीकर जोडू नका. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक. तसाच झगझगीत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. लगेच बंद करा.

सगळं झालं की झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा. ट्रान्सफॉर्मर कुठला, फ्यूज किती, कोणत्या रंगाची वायर कुठे, अर्थ कुठे. आपण पास होऊन जातो, अॅम्प्लिफायर मात्र हॉस्टेलमध्येच कोणाकडे तरी राहतो. तो पुढे जो कोणी उघडेल, त्याला तो कागद सापडला पाहिजे.