जुनी नौका घेताना : किंमत आणि खर्च

व्यापारी जहाजांवर आयुष्य काढलेल्या आमच्या एका ग्राहकांनी मध्यंतरी एक बेत सांगितला. राहते घर विकून ४० फुटी जुनी शिडाची नौका घ्यावयाची आणि पती-पत्नींनी तिच्यावरच राहून बंदरे पाहत हिंडावयाचे. नौका स्वस्तात मिळत होती. हिशेब मांडताना आम्हांस जे उमगले, ते येथे देत आहे.

नौकेची लांबी, रुंदी व खोली एकाच प्रमाणात वाढली, तर वजन घनाच्या प्रमाणात वाढते. ३० फुटांऐवजी ४० फुटी नौका घेतली, तर लांबी एक-तृतीयांशाने वाढते. वजन मात्र सुमारे २.३७ पट होते. शिडे, नांगर, दोरखंड, रंग, इंजिन सारेच त्या मानाने मोठे लागते. बंदरातील भाडेही बहुधा लांबीवरच आकारतात. म्हणजे खरेदी एकदाच, पण लांबीचा भुर्दंड कायमचा.

लहान नौका तकलादू असते, हा समज खरा नाही. तानिया एबी ही तरुणी १९८५ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ‘वरुणा’ नावाच्या सुमारे २६ फुटी ‘कॉन्टेसा’ नौकेतून न्यूयॉर्कहून निघाली आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून १९८७ मध्ये परतली. दोघांच्या कायम वास्तव्यास तेवढी जागा अपुरी, हे मान्य. ३० ते ३२ फूट पुरावेत.

जुन्या फायबरग्लास नौकेत सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे डेक. अनेक नौकांच्या डेकमध्ये फायबरच्या दोन थरांत बाल्सा लाकूड असते. खिळ्या-बोल्टांच्या छिद्रांतून पाणी झिरपून ते कुजते आणि वरून काहीच दिसत नाही. मडके घेताना आपण वाजवून पाहतो, तसे लहान हातोडीने डेक ठोकून पाहावे; बद्द आवाज आला की सावध व्हावे. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या पोलादी तारा दहा-पंधरा वर्षांनी बदलाव्या लागतात. त्या केव्हा बदलल्या, हे बिलावरून तपासावे. नौका पाण्याबाहेर काढून स्वतंत्र सर्व्हेअरकडून तपासणी करवावी. विक्रेत्याने सुचविलेला सर्व्हेअर टाळावा.

माझ्या मते, बाजूला काढलेल्या रकमेपैकी निम्मीच खरेदीत घालावी. घराच्या किमतीत जमिनीचा वाटा असतो. नौकेला तो आधार नसल्याने घसारा सोसावाच लागतो.

त्या ग्राहकांनी घर विकण्याचे तूर्त लांबणीवर टाकले आहे. ते आता ३० फुटी नौका पाहत आहेत, आणि सौभाग्यवतींनी स्वयंपाकाच्या ओट्याची मापे मागितली आहेत.