गिरकी आणि वारा

नांदेड जिल्ह्यातील अर्धापूर हे तालुक्याचे गाव केळीच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील शेतकऱ्यास वाऱ्याची ओळख पुस्तकातून करून घ्यावी लागत नाही. वैशाखात वादळ सुटले, की केळीची रुंद पाने चिरतात. घडांनी वाकलेली झाडे आडवी होतात. म्हणून बागेच्या कडेने शेवरीची दाट ओळ लावून वारा अडविण्याची रीत आहे.

अशाच एका बागेजवळ दोन भावंडे मोबाइलवर गोल्फचा खेळ खेळत बसली होती. पडद्यावर हिरवळ होती, मध्ये तळे होते, पलीकडे निशाण होते आणि कोपऱ्यात वाऱ्याची दिशा सांगणारा बाण होता. वारा समोरून येत होता. भावाने सारे बळ लावून चेंडू उंच मारला. चेंडू वर चढला, क्षणभर थबकल्यासारखा झाला आणि तळ्यात पडला. त्याने पुन्हा तसाच टोला हाणला, पुन्हा तेच!

“ताई, हा खेळच लबाड आहे,” तो चिडून म्हणाला.

“लबाड असेल, तर दर वेळी निराळे फसवील,” ताई म्हणाली. “हा तर दोन्ही वेळा सारखाच वागला. म्हणजे यात काही नियम असला पाहिजे.”

तो नियम कोणता बरे?

गोल्फच्या काठीचे तोंड किंचित मागे कललेले असते. त्यामुळे टोला बसताच चेंडू पुढे तर जातोच, शिवाय स्वतःभोवती उलटा फिरू लागतो. जोराच्या लांब टोल्यात ही गिरकी मिनिटाला दोन ते तीन हजार फेऱ्यांची असते. चेंडूचा वरचा भाग मागच्या दिशेने फिरतो. त्याच्यासवे वरून जाणारी हवाही ओढली जाते आणि चेंडूच्या मागे खाली वळते. पोहणारा मुलगा पाणी मागे लोटतो आणि स्वतः पुढे सरकतो. तसाच चेंडू हवा खाली लोटतो आणि स्वतः वर उचलला जातो. गिरकीचा आस एका बाजूस कलला, तर चेंडू डावीकडे किंवा उजवीकडे वळतो. तिरप्या फटक्याने टेनिसचा चेंडू वळतो, हे न्यूटनने १६७२ साली नमूद केले होते. पुढे १८५२ च्या सुमारास जर्मन शास्त्रज्ञ माग्नुस यांनी प्रयोग करून गिरकीचे हे बल दाखविले. त्यांच्याच नावाने ते आज ओळखले जाते.

आता वाऱ्याचा विचार करू. समोरून वारा आला, की चेंडूवरून जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो. त्यामुळे अडथळा वाढतो आणि उचलही वाढते. चेंडू नको तितका वर चढतो, पुढचा वेग गमावतो आणि अलीकडेच उतरतो. अधिक बळ लावले, तर गिरकीही वाढते. म्हणून केवळ बळाने काम भागत नाही. पाठीमागून वारा असेल, तर अडथळा व उचल दोन्ही कमी होतात. चेंडू अधिक दूर जातो आणि पडल्यावर पुष्कळ घरंगळतो.

पडद्यावर मात्र हवा नसते. असतात ते आकडे. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८४ साली काढलेल्या गोल्फच्या खेळातही वाऱ्याचा हिशेब होता. काही साध्या खेळांत वारा चेंडूस नुसता बाजूला सरकवितो. चांगल्या खेळांत चेंडूच्या प्रवासाचे अगदी लहान लहान क्षण पाडतात. प्रत्येक क्षणी गुरुत्वाकर्षण, हवेचा अडथळा आणि गिरकीची उचल यांचे गणित करून चेंडूचे पुढचे स्थान ठरवितात.

ताईने वही घेतली. प्रत्येक टोल्यात एकच गोष्ट बदलायची आणि चेंडू कोठे पडला ते लिहायचे, असे तिने ठरविले. पाचव्या टोल्यास तिने कमी कललेली काठी निवडली. गिरकी कमी झाली. चेंडू जमिनीच्या जवळून गेला, तळे ओलांडून पडला आणि घरंगळत निशाणापाशी थांबला.

भाऊ आनंदाने उठला आणि शेवरीच्या आडोशाला गेला. तेथे वारा जवळजवळ नव्हता; वर शेंडे मात्र डुलत होते. “ताई, आपल्या खेळात तर सगळीकडे एकच बाण आहे!” तो म्हणाला.

त्याचे म्हणणे खरे होते. जमिनीलगत वारा मंद असतो, उंचावर जोराचा असतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली भारतातर्फे खेळलेले पुण्याचे उदयन माने यांच्यासारख्या खेळाडूंस असा बाण कोणी दाखवीत नाही. मैदानावर गोल्फपटू चिमूटभर गवत उडवून पाहतात, झाडांचे शेंडे न्याहाळतात आणि मगच काठी निवडतात.

हार झाली, की दोष देणे सोपे असते. कारण शोधणे कठीण. ताईच्या वहीतील पाच ओळींनी त्या दिवशी कठीण काम केले.

स्वाध्याय
१. खेळ लबाड नाही, हे ताईने कशावरून ओळखले?
२. समोरच्या वाऱ्यात उंच मारलेला चेंडू अलीकडे का पडतो?
३. ताईने प्रत्येक टोल्यात एकच गोष्ट का बदलली असेल?