पिलाताची शिळा आणि पिलाताचा प्रश्न

शास्त्रपाठ : योहान १८:३३-३८, २०:२४-२९

प्रेषितांच्या विश्वासांगीकारात पंतय पिलाताचे नाव का यावे? कारण आपला विश्वास इतिहासात घडलेल्या घटनांवर उभा आहे. १९६१ साली कैसरीया येथील रोमी नाट्यगृहात, जिन्याची पायरी म्हणून बसविलेली चुनखडीची एक शिळा इटालियन संशोधकांना सापडली. तिच्यावरील खंडित लॅटिन लेखात पिलाताचे नाव व यहूदीयाचा अधिकारी हे त्याचे पद कोरलेले आहे. आपल्या मराठी शास्त्रात ज्याला ‘सुभेदार’ म्हटले आहे, तोच हा.

मात्र या शिळेकडून अधिक काही वदवून घेऊ नये. पिलात होऊन गेला, एवढीच तिची साक्ष. ख्रिस्त उठला, हे ती सांगत नाही.

स्वतः पिलातापुढे तर प्रत्यक्ष प्रभू उभा होता. तरीही सत्य म्हणजे काय, असे विचारून, उत्तराची वाट न पाहता तो बाहेर गेला. थोमालाही शंका होती. पण तो शिष्यांमध्ये थांबला, आणि प्रभूने त्याला झिडकारले नाही.

म्हणून शंका घेणाऱ्यास तुच्छ लेखू नये. त्याच्यापुढे पुरावा प्रामाणिकपणे, न फुगवता ठेवावा.

मननासाठी : माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत थांबण्याची माझी तयारी आहे काय?