4.3 क्रियापदरूपांतील अनियमितता : स्वाहिलीचे उदाहरण

उद्दिष्ट : या उपघटकाच्या अभ्यासानंतर खरा अपवाद आणि अपवादासारखे दिसणारे नियमित रूप यांतील भेद आपणास सांगता येईल.

पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली ही बांटू कुळातील भाषा आहे. तिचे क्रियापद घटकांच्या साखळीने बनते. ‘निनासोमा’ (मी वाचतो) हे रूप पाहा : ‘नि’ (मी), ‘ना’ (वर्तमानकाळ), ‘सोमा’ (वाच). ‘कुसोमा’ म्हणजे वाचणे. येथील ‘कु’ आपल्या ‘णे’सारखा आहे.

अ) एकाक्षरी धातू : ‘कुला’ म्हणजे खाणे. नियमाने ‘मी खातो’साठी ‘निनाला’ हवे. प्रत्यक्षात ‘निनाकुला’ होते. हा ‘कु’ का टिकला? स्वाहिलीत आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो आणि ‘ना’ हा काळवाचक घटक आघात पेलू शकत नाही. ‘कु’ तो पेलतो. नकारार्थी ‘सिली’ (मी खात नाही) या रूपात आघात ‘सि’वर पडू शकतो, म्हणून तेथे ‘कु’ नाही.

आ) उसने धातू : नकारार्थी वर्तमानात अंत्य ‘आ’चा ‘ई’ होतो : ‘सिसोमी’ (मी वाचत नाही). परंतु ‘कुजिबु’ (उत्तर देणे) या धातूचे ‘सिजिबु’ असेच रूप होते. हा धातू अरबीतून आलेला आहे. मराठीतील ‘जबाब’ही त्याच अरबी मुळातला. मूळ बांटू धातूंप्रमाणे त्याच्या अंती ‘आ’ नाही, म्हणून बदलही नाही.

इ) खरे अपवाद : ‘वाच’ या आज्ञेसाठी ‘सोमा’ पुरते, पण ‘कुजा’ (येणे) याचे आज्ञार्थी रूप ‘न्जोओ’ आहे. आजच्या भाषेतील कोणत्याही नियमाने ते साधता येत नाही. मराठीत ‘बस–बसला’ याप्रमाणे ‘जा–जाला’ न होता ‘गेला’ होते. तसेच हे आहे. अशी रूपे पाठच करावी लागतात.

सारांश : रूपाच्या पातळीवर जो अपवाद वाटतो, त्याचे कारण उच्चारात किंवा शब्दाच्या इतिहासात असू शकते. तेथे शोध घेतल्यावरच ‘अपवाद’ ही संज्ञा वापरावी.

स्वयंअध्ययन प्रश्न
1. ‘आनाकुफा’ (तो मरतो आहे) या रूपात ‘कु’ आहे, ‘हाफी’ (तो मरत नाही) यात नाही. कारण सांगा.
2. मराठीतील ‘ये–आला’ हे रूप वरील कोणत्या गटात बसेल?